हिवाळ्यात स्पिती: आधी रस्ता, मग दिवस, सगळ्यात शेवटी बॅग

नोव्हेंबर लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "फेब्रुवारीत स्पितीला चाललोय, जॅकेट कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, कुठून चाललात आणि किती दिवस? उत्तर जवळजवळ ठरलेलं: मनालीहून, बोगद्यातून, सात दिवसांत. विमानाची तिकिटंही काढून झालेली असतात. म्हणजे रस्ता चुकलाय, दिवस चुकलेत आणि चर्चा चाललीये जॅकेटची.

खाली सगळं ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं लिहिलंय. हे डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, महाराष्ट्रातून, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## १. रस्ता ठरवा (तो एकच आहे)

अटल बोगदा २०२० साली सुरू झाला आणि तेव्हापासून हा घोळ वाढला. बोगदा मनालीहून लाहौलमध्ये उतरवतो. सिस्सू, केलाँग या बाजूला. लाहौल आणि स्पिती हा हिमाचलमधला जिल्हा एक असला तरी मधे कुंझुम खिंड आहे, साधारण ४,५५० मीटर उंचीची. ती बर्फामुळे नोव्हेंबरच्या आसपास बंद होते आणि मे-जूनमध्ये उघडते. बोगदा या खिंडीच्या अलीकडेच संपतो. त्यामुळे हिवाळ्यात मनालीहून काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, नाही म्हणजे नाही. कुणी टूरवाला "बघू, जमवू" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

हिवाळ्यातला रस्ता सिमल्याहून निघतो आणि सतलजच्या काठानं जातो: नारकंडा, रामपूर, जेवरी, वांगतू, करछम, रिकाँग पेओ, पूह, खाब. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून गाडी नदीची साथ सोडून वर नाकोला चढते, मग चांगो, सुमदो, हुर्लिंग, ताबो आणि काझा. सिमला ते पेओ सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, पेओ ते काझा आणखी दोनशेच्या आसपास. नकाशावर आकडे छोटे वाटतात. आपल्या एक्सप्रेसवेच्या हिशेबानं वेळ काढू नका. पेओच्या पुढे ताशी वीस-पंचवीसचा वेग मिळाला तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

याच रस्त्यानं जायचं आणि याच रस्त्यानं परत यायचं. उन्हाळ्यात करतात तशी सिमला-काझा-मनाली फेरी हिवाळ्यात होत नाही.

परवाना: भारतीय पासपोर्टधारकांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, पण चेकपोस्टवर ओळखपत्र दाखवावं लागू शकतं, तेव्हा मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. तुमच्यासोबत अमेरिकेतली पुतणी किंवा लंडनचा मित्र येणार असेल आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर मात्र हा सीमेलगतचा भाग असल्यानं परवाना लागतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी लागतो. तो सिमल्यात किंवा पेओत मिळतो; सरकारी कार्यालयाचा कामाचा दिवस बघूनच तिथे पोहोचा. शनिवारी संध्याकाळी पेओत पोहोचून सोमवारपर्यंत हात चोळत बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

## २. दिवस मोजा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कळसूबाई १,६४६ मीटर. आपल्या राज्यात त्याहून उंच जागा नाही. काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे, किब्बर ४,२०० च्या पुढे, लांग्झा-हिक्किम ४,४०० च्या आसपास, कोमिक त्याहूनही वर; ही सगळी काझाच्या वरची गावं. हरिश्चंद्रगड चारदा केला, नळीच्या वाटेनं केला, याचा इथे काही उपयोग होत नाही. दम असणं वेगळं आणि शरीर कमी ऑक्सिजनला सरावणं वेगळं. उलट फिट माणूस जास्त धोक्यात असतो, कारण तो थांबत नाही आणि डोकं दुखतंय हे कबूल करत नाही.

डॉक्टर मंडळींचा सर्वसाधारण नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस तिथेच मुक्काम करावा. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलं तर चालतं. बघायचं ते झोपायची जागा किती उंच आहे हे.

या नियमात बसणारा आराखडा असा:

दिवस १: चंदीगडमार्गे सिमला.
दिवस २: सिमला ते रामपूर किंवा सराहन.
दिवस ३: कल्पा, साधारण २,९६० मीटर. बर्फ जास्त असेल तर वर कल्पाला गाडी नेण्याचा हट्ट न करता खाली पेओतच राहा.
दिवस ४: कल्पातच. गावात चाला, किन्नर कैलासाकडे बघत बसा.
दिवस ५: कल्पा ते ताबो, ३,२८० मीटर.
दिवस ६: ताबोत आराम, गोंपा (बौद्ध मठ).
दिवस ७: काझा. वाट चांगली असेल तर जाताना धनकर.
दिवस ८: काझातच.
दिवस ९ आणि १०: वरची गावं.
दिवस ११: रिकामा.
दिवस १२ ते १४: परतीचा प्रवास.
शिवाय घरी पोहोचल्यावर कामावर जाण्याआधी दोन दिवस मोकळे.

पाचव्या दिवसाकडे नीट बघा. बहुतेक आराखड्यांत त्या रात्री नाको असतं, कारण ते वाटेत आधी लागतं आणि फोटोत छान दिसतं. पण नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे जवळपास काझाइतकंच उंच. ताबो त्याच्या पुढे असूनही खाली आहे, नदीच्या पातळीवर. नाकोत चहा घ्या, तळं बघा आणि ताबोत जाऊन झोपा. उशीर झाला म्हणून नाकोत मुक्काम करावाच लागला तर दुसऱ्या दिवशी ताबोच्या पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट मला पहिल्या खेपेला कुणी सांगितली नव्हती. उंचीचा त्रास वाढला तर उतरा, असं सगळे सांगतात. पण काझाहून उतरायचं कुठे? नदीच्या काठानं खाली चांगोपर्यंत आलात तरी तुम्ही तीन हजारांच्या आसपासच असता, आणि तिथून रस्ता पुन्हा नाकोला चढतो. खरी उतरण त्यानंतर लागते. त्यात नाकोजवळ मलिंग नाल्यावरचा रस्ता त्या दिवशी बंद असेल तर ती पण नाही. म्हणून स्पितीत चढतानाच सावकाश चढायचं.

थांबा, तपासा: आराखड्यात निदान दोन दिवस असे आहेत का, ज्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही? नसतील तर वरची गावं कापा, मुक्काम कापू नका. एकूण बारा दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर या वर्षी कल्पा आणि सांगलापर्यंत जा. किन्नौरचा हिवाळाही कमी देखणा नसतो.

## ३. महिना निवडा

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे थंडी कडक असते, रस्ता बहुधा चालू असतो, बर्फ मात्र कमी. नद्या-ओहोळ गोठायला लागलेले असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच काळ सुचवतो, आणि बर्फ नाही म्हणून दर वेळी बोलणी खातो.

जानेवारी सगळ्यात थंड. काझात रात्री उणे २०, उणे २५ अंश ही नेहमीची गोष्ट. फेब्रुवारीत दिवस मोठा होतो, पण पश्चिमी चक्रावात एकामागून एक येतात आणि एका रात्रीत कमरेएवढा बर्फ पडू शकतो. याच दिवसांत आणि मार्चमध्ये हिमकडे कोसळण्याचा धोकाही जास्त असतो. हिमबिबट्यासाठी येणारे जानेवारी ते मार्च याच काळात किब्बर-चिचमला येतात, कारण आयबेक्स आणि भरलसारखी जनावरं तेव्हा खाली उतरलेली असतात आणि त्यांच्यामागे बिबट्याही.

निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याचा किन्नौर आणि लाहौल-स्पिती या दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज बघा. नुसत्या काझाचा बघून उपयोग नाही, तुमचा बराचसा रस्ता किन्नौरात आहे. हिमकड्यांचा इशारा संरक्षण खात्याची चंदीगडची संस्था जिल्हावार देते. बातम्यांत आणि पोलिसांच्या पानांवर तो येतो.

## ४. डॉक्टरांकडे जा

महिनाभर आधी. रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह, गर्भारपण, पूर्वी उंचीवर झालेला त्रास, यांतलं काहीही असेल तर "जाऊ का?" हा प्रश्न त्यांना विचारा, ट्रेकच्या ग्रुपवर नको.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणतात ती गोळी, घ्यायची का आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. ती गोळी शरीराला सरावायला मदत करते, सरावाचे दिवस वाचवत नाही. तिच्यामुळे लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात; घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू, पहिले काही दिवस दोन्ही बंद.

## ५. गाडी आणि गाडीवाला

पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना हात जोडून सांगतो, हिवाळ्यात नको. मोटरसायकल तर नकोच. रस्त्यावर वाहून आलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी त्यावर काचेसारखा थर असतो. तो दिसत नाही. डांबर नुसतं ओलं वाटतं. तिथले चालक "पाला पडा है" म्हणतात तेव्हा ते याबद्दलच बोलत असतात. त्यावर ब्रेक दाबला की गाडी सरळ निघते, दरीच्या दिशेनं असली तरी सरळच.

तिथलीच टॅक्सी घ्या, सिमला, पेओ किंवा काझाची, फोर बाय फोर. ठरवताना हे विचारा:

- तुम्ही स्वतः जानेवारी-फेब्रुवारीत काझाला गाडी नेली आहे का? मालक हो म्हणेल. चालकाशी बोला.
- टायरच्या साखळ्या, फावडं, दोर गाडीत आहेत का? साखळ्या चढवून दाखवायला सांगा.
- रस्ता बंद होऊन अडकलो तर त्या दिवसांचं भाडं किती? हा आकडा आधीच लिहून घ्या. सहलीतली बहुतेक भांडणं याच मुद्द्यावर होतात.
- चालकाचं राहणं-जेवण कुणाकडे? उणे वीसमध्ये माणूस गाडीत झोपू शकत नाही. त्याची खोली तुमच्या खोलीबरोबरच बुक करा.

आमच्या दुसऱ्या खेपेला ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी साखळ्या "आहेत" म्हणून सांगितलं होतं. होत्याच. पण दुसऱ्या गाडीच्या मापाच्या. ते कळलं ताबोच्या अलीकडे, संध्याकाळी साडेचारला, सूर्य डोंगरामागे गेल्यावर. रस्त्यावर माती टाकत, ढकलत पाच किलोमीटरला दोन तास लागले. तेव्हापासून साखळ्या सिमल्यातच टायरवर चढवून बघतो.

इंधन पेओखाली पोवारीला पूर्ण भरा. पुढचा भरवशाचा पंप काझालाच. डिझेल थंडीत घट्ट होतं, सकाळी गाडी सुरू व्हायला तासभर लागू शकतो. चालक टाकीखाली स्टोव्ह किंवा निखारे ठेवताना दिसला तर ओरडू नका, फक्त जरा लांब उभे राहा.

बसनं जायचं असेल तर हिमाचल परिवहनची पेओ-काझा बस पहाटे-सकाळी सुटते आणि दिवसभर घेते. आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारा, कारण रस्ता असेल तिथपर्यंतच ती जाते. पण पेओ ते काझा एका दिवसात म्हणजे झोपण्याच्या उंचीत मोठी उडी. बसनं गेलात तरी ताबोला उतरा.

थांबा, तपासा: राहण्याच्या जागांना फोन करून विचारलंत का? काझातली बरीच हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात, मालक खाली उतरलेले असतात. संकेतस्थळावर खोली "उपलब्ध" दिसली म्हणून तिथे कुणी असेलच असं नाही. होमस्टेला फोन करा, आवाज ऐका, तारीख सांगा.

## ६. आता बॅग

एक जाड जॅकेट घेऊन काम भागत नाही, थर लागतात. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर पिसांचं जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा अडवणारा पातळ कोट. पायांनाही तसंच. सुती काही नको, बनियनसुद्धा नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम तुम्हाला गारठवतो.

पिसांचं जॅकेट महाग पडतं. पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्यानं मिळतं, दोन आठवड्यांसाठी तेच बरं.

पैसे खर्च करायचेच तर हातापायांवर करा. हातमोजे दोन थरांचे: आत पातळ, ज्यानं कॅमेरा हाताळता येईल, आणि वर जाड, बोटं एकत्र राहतील असे. लोकरीचे मोजे चार जोड, त्यातला एक फक्त झोपण्यासाठी, दिवसा त्याला हात लावायचा नाही. बूट पाणी न शिरणारे आणि एक माप मोठे. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात, मग पांढरी पडतात. बुटावर चढवायचे लोखंडी काटे जरूर घ्या. हजार-दोन हजारांची ही वस्तू मोडलेल्या मनगटापेक्षा स्वस्त आहे.

काळा चष्मा चांगल्या प्रतीचा आणि बाजूंनी झाकणारा. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे भाजतात आणि ते रात्री कळतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं तेव्हा.

बाकी थोडक्यात: थर्मास (प्रत्येकी एक), हेडलॅम्प, सनस्क्रीन, ओठांचं मलम, व्हॅसलिन, नेहमीची औषधं दुप्पट, रोख पैसे. काझात एटीएम आहे, पण वीज किंवा नेटवर्क गेलं की तेही गेलं, आणि यूपीआयही. खोबरेल तेल नेऊ नका, दगड होतं. ओले टिश्यू पाकिटासकट विटेसारखे गोठतात. डिंकाचे लाडू न्या, पण दिवसभराचे दोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. बॅगेतला लाडू खायचा म्हणजे दात पणाला लावायचे.

फोन, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाजवळ. रात्री त्या पांघरुणात घेऊनच झोपायचं, आणि टूथपेस्टही.

## ७. वाटेतले दोन अडथळे

नारकंडा बर्फानं बंद झालं तर वाहतूक सुन्नी-लूहरीच्या खालच्या रस्त्यानं वळवतात. थोडं लांब पडतं, पण जाता येतं. सिमल्यात अडकून बसण्याआधी हे चालकाला विचारा.

दुसरा अडथळा नाकोच्या पुढचा मलिंग नाला. इथला डोंगर म्हणजे भुसभुशीत मातीत अडकलेले दगड. पहाटे पाणी गोठून रस्ता काच झालेला असतो. दुपारी ऊन लागलं की वरचा बर्फ सुटतो आणि दगड यायला लागतात. या दोन्हींच्या मधली वेळ चालकाला माहीत असते. तो "अभी नहीं" म्हणाला की गाडीत बसून राहायचं, आणि "चलो" म्हणाला की फोटोसाठी काच खाली करायची नाही. कल्पाहून निघायला तुम्ही उशीर केलात तर तीच वेळ हुकते, म्हणून त्या दिवशी नाश्ता बांधून घ्या.

रस्ता साफ करणारी सीमा सडक संघटनेची माणसं भेटतील. किती वेळ लागेल हे एकदा विचारा, पाच मिनिटांनी पुन्हा विचारू नका.

इशारा: सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. जानेवारीत दरीतलं ऊन चारच्या आसपासच जातं. मुक्कामाला तीनपर्यंत पोहोचायचं असं धरूनच निघा.

## ८. पहिल्या रात्री, आणि रोज

रोज संध्याकाळी एकमेकांना हे विचारा: डोकं दुखतंय? भूक आहे? मळमळ? चक्कर? झोप लागली होती? ऑक्सिमीटरचा आकडा वहीत लिहा, पण केवळ त्यावर विसंबू नका.

डोकेदुखी आणि त्याबरोबर वरच्यातलं काहीही एक असेल, तर उंचीचा त्रास समजा. त्या दिवशी वर जायचं नाही. पाणी, गरम सूप, आराम. चोवीस तासांत बरं वाटलं नाही तर खाली.

खालीलपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका:

- बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, गुलाबीसर फेसाळ थुंकी.
- असंबद्ध बोलणं, झोकांड्या. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज असू शकते.

काझातल्या सरकारी रुग्णालयात लगेच न्या, ऑक्सिजन सुरू करा आणि उतरण्याची तयारी त्याच वेळी सुरू करा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळ्यांना पाठ असू द्या. मोबाइलचं नेटवर्क काझाबाहेर बेभरवशाचं आहे. एकाकडे तरी बीएसएनएलचं कार्ड असू द्या.

आमच्यातल्या एकानं ताबोत डोकेदुखी दोन दिवस लपवली, "सगळ्यांचा प्लॅन माझ्यामुळे नको" म्हणून. काझात दुसऱ्या रात्री त्याला पाणीही पचेना. प्लॅन मग सगळ्यांचाच गेला.

## ९. घरात राहताना

स्पितीची घरं मातीची, जाड भिंतींची. हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत येतं, मधे लोखंडी शेगडी, तिला कुणी बुखारी म्हणतं, कुणी तंदूर. तिच्यावर कायम किटली असते. त्या खोलीतच बसा, खा, गप्पा मारा. भेटल्यावर "जुले" म्हणा. नमस्कार, आभार, निरोप, सगळ्याला तो एकच शब्द पुरतो.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: झोपायच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणूस झोपेतच जातो. बुखारीला धुराडं असतं, तरी रात्री ती विझवून झोपायचं आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. डोकं दुखायला लागलं तर ते उंचीमुळे की धुरामुळे, हे खोलीत बसून कळणार नाही. आधी बाहेर या. उबेसाठी पांघरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या, दुसऱ्या दिवशी तेच पाणी तोंड धुवायला होतं.

नळ गोठलेले असतात. पाणी दुरून आणलेलं असतं, बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी डोक्यावर-पाठीवर. आंघोळ विसरा. लाकूड उन्हाळ्यापासून साठवलेलं आणि मोजकं असतं. "अजून दोन ओंडके टाका ना" असं यजमानीणबाईंना सांगू नका.

संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर भोक, शेजारी माती किंवा राखेचा ढीग आणि फावडं. वापर झाला की फावडंभर माती टाकायची. त्यात पाणी ओतायचं नाही, कारण उन्हाळ्यात त्याचंच खत शेतात जातं. आपल्या सवयीप्रमाणे बादलीभर पाणी ओतणारे पाहुणे आले की त्या घराचं खतही बिघडतं आणि सकाळी पायऱ्यांवर बर्फ होतो.

ओले बूट शेगडीला टेकवून ठेवू नका. तळ वितळतात, आणि काझात तुमच्या मापाचे बूट मिळतीलच असं नाही. हातभर लांब ठेवा, आतला सोल काढून जॅकेटमध्ये वाळवा.

## १०. वरची गावं

काझात दोन रात्री झाल्यावर, सगळ्यांची डोकी शांत असतील तरच. आधी 'की' नावाचा गोंपा आणि किब्बर, दुसऱ्या दिवशी लांग्झा-हिक्किम-कोमिक. सकाळी दहानंतर निघा, तीनच्या आत परत या. रस्ता बंद असेल तर गावकरी चालत जातात. तुम्ही त्यांच्याशिवाय चालत जाऊ नका.

बर्फावर चालायचं कसं ते सह्याद्रीत शिकलेलं इथे कामाला येतं. श्रावणात शेवाळलेल्या कातळावर चालतो तसंच: छोटं पाऊल, पूर्ण तळवा टेकलेला, हात खिशाबाहेर, गुडघे सैल.

हिमबिबट्या बघायचा असेल तर किब्बरमध्ये निदान चार-पाच दिवस हवेत आणि गावातले शोधे बरोबर हवेत. ते पहाटेपासून दुर्बिणी लावून कड्यावर बसतात. बिबट्यानं शिकार केली असेल तर त्या जनावराजवळ जायचं नाही. ते म्हणतील तिथेच थांबायचं. एका दिवसात दिसेल या आशेनं जाऊ नका.

बोटं, कान, नाक पांढरे आणि बधिर पडले तर बर्फ चोळू नका, शेगडीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. बोटं काखेत घ्या, मग कोमट पाण्यात बुडवा, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर गरम करायला सुरुवातच करू नका, आधी दवाखाना गाठा.

## ११. परत निघताना

आभाळ भरून यायला लागलं आणि चालक म्हणाला "आज निकल लेते हैं", तर लांग्झा राहिलं तरी निघा. रिकामा ठेवलेला दिवस असा वापरला जातो. बर्फ पडल्यावर निघायचं ठरवलंत तर रस्ता साफ होईपर्यंत तीन दिवस, पाच दिवस, काहीही लागू शकतात. तोपर्यंत जेवण आणि जागा मिळते, फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा की फोन लागला नाही तर घाबरू नका.

उतरताना पेओत किंवा रामपूरला मुक्काम करा; एका दमात सिमला गाठायचा मोह चालकाच्या झोपेवर येतो. आणि चंदीगडचं विमान दुपारनंतरचं घ्या, तेही सिमल्यातून निघण्याच्या दुसऱ्या दिवशीचं. जानेवारीत पंजाबात सकाळी इतकं धुकं असतं, की उणे पंचवीसमधून वेळेवर आलेली माणसं विमानतळावर सहा तास बसून राहतात.